कोल्हापुरात राहून गोल्फच्या दुय्यम टूरवर एक सीझन खेळायचा असेल, तर तयारी कशी करावी?

हँडिकॅप शून्याच्या आसपास आहे (म्हणजे साधारण पारइतका, कोर्सवर अपेक्षित फटक्यांइतका, खेळ होतो), सराव कोल्हापुरातच होतो आणि पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या, नेक्सजेन या दुय्यम टूरवर एक सीझन खेळून बघायचाय, असं तुम्ही लिहिलंय. स्विंगबद्दल काही सांगत नाही, त्यासाठी तुमचे कोच आहेत. सीझन बहुतेक वेळा बिघडतो तो पैसे, प्रवास आणि नियम या तीन ठिकाणी.

नेक्सजेन २०२४ मध्ये सुरू झाली. स्पर्धा ५४ होलची, एकूण बक्षीस २० लाखांचं, त्यातले साधारण १५ टक्के, म्हणजे ३ लाख, विजेत्याला. मुख्य टूरवर १ कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात. विजेत्याच्या खाली रक्कम झपाट्याने उतरत जाते. आता समजा प्रवेश फी, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), खोली, जेवण आणि प्रवास धरून आठवड्याला ३० हजार लागले. दहा स्पर्धांचे ३ लाख झाले, म्हणजे एक अख्खं विजेतेपद खर्चातच गेलं, तेही टीडीएस कापायच्या आधीचं. त्यामुळे पूर्ण सीझनचे पैसे सीझनच्या पहिल्या फटक्याआधी बाजूला काढलेले हवेत. पुढची फी या बक्षिसातून भरू असं धरून चाललात, तर शेवटच्या दिवशी हात आखडतो आणि नुसता होलजवळ नेऊन ठेवायचा पट (जवळून मारायचा हलका फटका) जोरात मारला जातो.

प्रायोजक मागायला कोल्हापूर वाईट जागा नाही. इथे पैलवानाचा खुराक उचलणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तसंच गोल्फरचंही मांडता येतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदाराकडे जाताना ‘सीझनसाठी ४ लाख द्या’ म्हणू नका. एका स्पर्धेचा खर्च कागदावर मांडा, दोन-तीन स्पर्धा उचलायला सांगा, आणि प्रत्येक स्पर्धेनंतर स्कोअर व बिलं पाठवत राहा. खर्च बघितलेला माणूस दुसऱ्या वर्षी स्वतःहून विचारतो.

प्रवासाचं. हरिप्रिया तिरुपतीला आणि महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरमार्गे गोंदियाला जाते, पण दिल्लीच्या निझामुद्दीनची गाडी आठवड्यातून एकदाच. तिच्या वारावर प्रॅक्टिस राउंड बसत नसेल तर पुण्याहून निघा, राउंड चुकवू नका. विमानाच्या साध्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो सामान चालतं आणि भरलेली गोल्फ बॅग तेवढी सहज भरते, म्हणून कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये. ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब क्लबचं) हेड काढून मोज्यात गुंडाळा. बॅगेत ड्रायव्हरपेक्षा थोडी लांब, मजबूत काठी उभी ठेवा. बॅग तोंडाच्या बाजूने खाली आपटली की भार काठीवर येतो. ती नसेल तर क्लबचा ग्राफाइट दांडा, म्हणजे शाफ्ट, हेडला जोडतो त्या जागी तुटतो, आणि सोमवारी परगावी तसाच शाफ्ट मिळणं जवळपास अशक्य.

आता ज्याकडे फारच कमी खेळाडू लक्ष देतात ते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू इथे साधारण दोन टक्के लांब जातो. इथला १५० यार्डांचा शॉट कोलकात्यात जवळपास ३ यार्ड आखूड पडेल, तर ९०० मीटरच्या वरच्या बंगळुरूत २ यार्ड पुढे जाईल. बंगळुरूहून थेट कोलकात्याला गेलात तर ५ यार्डांचा फरक, म्हणजे लागोपाठच्या दोन क्लबांच्या अंतरात जो फरक असतो त्याच्या जवळपास निम्मा. उत्तरेकडच्या थंड सकाळी चेंडू आणखी आखूड पडतो. प्रत्येक आयर्नचा आणि वेजचा (मधल्या आणि जवळच्या अंतराच्या क्लबांचा) कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जातो ते अंतर, घरी मोजून वहीत लिहा, आणि नवीन गावी पहिल्यांदा सरावाच्या रेंजवर तीनच क्लब तपासून सगळी वही त्या प्रमाणात दुरुस्त करा. हवेतलं अंतर मोजा, घरंगळून थांबलेलं नव्हे. पावसाळ्यानंतरच्या मऊ फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) घरंगळणं जवळजवळ नसतंच.

ग्रीनचंही, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताचंही, तसंच. स्पर्धेची ग्रीन घरच्यापेक्षा वेगवान असण्याची शक्यता जास्त. घरी वेगवान ग्रीन मिळत नसेल तर उतारावरचे पट मारा, खास करून ३ ते ६ फुटांचे. आठ फुटांचा पट जगातले सर्वोत्तम खेळाडूसुद्धा जेमतेम निम्म्या वेळा घालतात, तेव्हा तो चुकल्याचं दुःख करू नका. चार फुटांचा चुकला तर मात्र सराव वाढवा.

नियमांत क्लबच्या सवयी नडतात. चेंडू हरवला की जवळपास ड्रॉप घेऊन दोन पेनल्टी मोजायची सोय काही क्लबांत असते, व्यावसायिक स्पर्धेत नसते. मागे जाऊन पुन्हा मारावं लागतं. म्हणून शंका आली की प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर उपयोगी पडेल असा दुसरा चेंडू) मारा, आणि मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ असं स्पष्ट बोला. शोधायला ३ मिनिटंच. पावसात चेंडू उचलून पुसून ठेवायची मुभा समितीने जाहीर केली असेल तरच घ्यायची, आणि किती अंतरात ठेवायचा तेही त्या दिवशीच्या कागदावर वाचायचं. बॅगेत चौदाच क्लब चालतात; पंधरावा सापडला तर त्या प्रत्येक होलला दोन, जास्तीत जास्त चार पेनल्टी. सरावाची जादा वेज सकाळीच मोजून बाहेर काढा. टी-टाइमला (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेला) पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर दोन पेनल्टी, त्याहून जास्त तर बाद. कार्डावर एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी लिहून सही झाली तरीही बाद. सही करण्याआधी मार्करसोबत (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्यासोबत) होलगणिक मोठ्याने वाचून घ्या, कितीही दमलात तरी.

टॅक्सचं एवढंच: व्यावसायिक खेळाडूचं बक्षीस व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं, त्यामुळे प्रवास, कॅडी, चेंडू यांचा खर्च त्यातून वजा होतो. बिलं जपा आणि कापलेला टीडीएस प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावे जमा दिसतो का ते दर तिमाहीला बघा.

शेवटी, प्रो होण्याचा अर्ज भरण्याआधी पुण्यात पूना क्लबच्या कोर्सवर सलग तीन दिवस, स्पर्धेच्याच नियमांनी, मागच्या टीवरून (होलपासून सगळ्यात लांबच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळा आणि तिन्ही कार्डं ठेवा. सरासरी पारच्या दोन-तीन वर असेल तर अजून एक वर्ष हौशी स्पर्धाच खेळा. एकदा प्रो झालात की त्या स्पर्धा बंद होतात आणि हौशी दर्जा परत मिळवायला अर्ज करून थांबावं लागतं.