हळदीनं सापडलेली भेग

प्रश्न : काका, मी वाईचा. धोमच्या पाण्यात गळ टाकायला म्हणून जुनी दहाफुटी फायबरची होडी घेतली. बुडातून पाणी येतं. दोनदा एम-सील लावलं. शनिवारी होडी काढायची, लावायचं, रविवारी परत पाण्यात. दोन्ही वेळा निघून आलं. याहून चांगलं चिकटवायला काय आहे?

उत्तर : चिकटवायचं नंतर बघू. शनिवारी काढून रविवारी पाण्यात, इथंच घोळ आहे. भेगेतून शिरलेलं पाणी फायबरच्या थरांत मुरतं, ते एका रात्रीत वाळत नाही. ओल्या अंगावर काहीही लावा, सुटणारच.

आधी भेग नेमकी कुठं आहे ते शोधा. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॉडीवर पत्रे ठोकत आयुष्य काढलं. पावसाळ्यात गळणारी गाडी आली की पाणी पडायचं सातव्या सीटवर आणि शिरायचं पार पुढच्या जोडातून. होडीचंही तसंच. ती दोन घोडींवर ठेवा, आत तीन-चार बादल्या पाणी ओता आणि त्यात मूठभर हळद कालवा. (आम्हा सांगलीकरांना हळदीचा काय तोटा!) होडी काठोकाठ भरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो, वजनानंच नवी भेग पडेल. मग खाली वाकून बघा. पिवळी रेघ उमटेल तिथं खडूनं खूण करा. होडी पालथी घालून त्या खुणेभोवती रुपयाच्या नाण्यानं टिचक्या मारा, माठ घेताना मारतो तशा. टणक आवाज आला तर बरं. बद्द आला तर आतले थर सुटलेत, तेवढा भाग खरवडून काढावा लागेल.

आता साबणानं धुऊन ती उन्हात टाका. एप्रिलचं ऊन असलं तरी आठवडाभर तिला हात लावू नका. नंतर ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरनं भेगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उतार काढा. नाकातोंडावर मास्क हवाच, ती धूळ खाजते आणि छातीत जाते. मग ॲसिटोननं पुसा. फायबरची मॅट कात्रीनं कापण्यापेक्षा हातानं फाडा, म्हणजे कडा विरळ होऊन नीट बसतात. तीन तुकडे घ्या, एकापेक्षा एक मोठा. रेझिननं (वाळून टणक होणाऱ्या चिकट द्रवानं) भिजवून ब्रशनं टोचत टोचत हवा काढा. पांढरा ठिपका दिसला की तिथं हवा अडकली समजा.

एक गोष्ट मात्र दोनदा वाचा. दुकानदार बहुधा तीन वस्तू देईल : रेझिन, जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं दिसणारं हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. डोळ्यांवर चष्मा हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शंभर ग्रॅम रेझिनला एक मिली हार्डनर भरपूर होतं. काम सकाळी, सावलीत करा आणि एका वेळी दोनशे ग्रॅमच कालवा. मी एकदा शहाणपणा करून अर्धा किलो न्हाणीतल्या मगात कालवलं आणि फोन घ्यायला गेलो. परत आलो तर मगातून धूर, आणि मग वितळून फरशीला चिकटलेला. त्या मगाचा विषय आमच्या घरात अजून निघतो.

प्रश्न : भिलवडीहून लिहितोय. मासा लागला की तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) नेमका गाठीशी तुटतो. आणखी जाड घेऊ का?

उत्तर : नको. गाठ आवळण्याआधी थुंकी लावता का? कोरडा नायलॉन घासला की तापतो आणि तिथंच कमजोर होतो. पाच-सहा वेढे घ्या, ओलं करा, सावकाश ओढा. दुसरं म्हणजे रॉडच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कडं चिरलंय आणि तेच दोरा कापतंय. आणि रिळाचा ब्रेक! भाजीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा काटा दोऱ्याला लावून ओढा. सहा किलोचा दोरा असेल तर दीड-दोन किलोला रीळ सुटलं पाहिजे. घट्ट आवळून ठेवलं तर कटला मासा पहिल्याच झटक्यात दोरा नेतो आणि आपण नशिबाला बोल लावत बसतो. पत्र्याखाली उन्हात पडलेलं गेल्या वर्षीचं बंडल असेल तर ते सरळ टाकून द्या. पण नदीत नव्हे, त्यात पाणकावळे अडकतात.

प्रश्न : आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाची काहील (उसाचा रस उकळायची मोठी कढई) पडून आहे. तिची होडी करून कृष्णेत गळ टाकता येईल का? (वाळवा तालुका)

उत्तर : महापुरात काहिलींनी माणसं वाचवलीत, मला तिच्याबद्दल आदरच आहे. पण तेव्हा ती धरून पोहणारे चार गडी बाजूला असतात. एकट्यानं बसून गळ टाकायला ती बेकार. आकार गोल, वल्हं मारलं की जागच्या जागी गरगर फिरते. मासा लागल्यावर तुम्ही उठून उभे राहणार, ती कलंडणार, आणि लोखंडाची असल्यामुळं एकदा भरली की तळाला. रंग लावून, डांबर लावून यात फरक पडत नाही. काठावर बसा. आमच्या सांगलीवाडीच्या घाटावर मी तेच करतो, कणकेत शेंगपेंड मळून. गेल्या रविवारी तीन चिलापी मिळाल्या.