केमन बेटांवर येताय? आधी इथली माणसं समजून घ्या

तुम्ही लिहिलंत: वय 31, पुण्यात ऑडिटमधली सहा वर्षं झाली, केमनच्या राजधानीतल्या, जॉर्ज टाउनमधल्या एका फर्मची ऑफर हातात आहे, पत्नी शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची. पगारावर टॅक्स नाही, समोर समुद्र, मग यायला हरकत काय?

हरकत नाही, या. मी 2014 साली याच कामासाठी इथे आले, मूळची गुहागर तालुक्यातली. पण तुमच्या पत्रात टॅक्सचा विषय चार वेळा आला आणि इथल्या माणसांबद्दल एकही प्रश्न नव्हता, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जागा अगदी छोटी आहे. ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन अशी कॅरिबियन समुद्रातली तीन बेटं, तिन्ही मिळून साधारण 264 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. उत्तरेला क्यूबा, आग्नेयेला जमैका. नदी नाही, डोंगर नाही. सगळ्यात उंच जागा ब्रॅकवरचा कडा, तोही 43 मीटरचा. 2021च्या जनगणनेत लोकसंख्या 71 हजारांच्या आसपास होती, आता 80 हजारांच्या पुढे गेली आहे. हा ब्रिटनचा सागरपार प्रदेश. गव्हर्नर लंडनहून नेमला जातो, संसद आणि प्रीमियर, म्हणजे सरकारचा प्रमुख, इथले. पूर्वी ही बेटं जमैकाच्या अखत्यारीत होती. 1962 साली जमैका स्वतंत्र झाला तेव्हा केमनच्या लोकांनी ब्रिटनसोबत राहायचं ठरवलं. त्या निर्णयाबद्दल वडीलधारी माणसं आजही अभिमानाने बोलतात.

1503 साली कोलंबसच्या जहाजांना ही बेटं दिसली तेव्हा इथे माणसांची वस्ती नव्हती. होती ती कासवं, इतकी की त्याने बेटांना कासवांचंच नाव दिलं. माणसं पुढे जमैकामार्गे आली: दर्यावर्दी, सैन्यातून सुटलेले, आणि गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी. गुलामी 1835 मध्ये संपली. मोठे मळे पिकावेत अशी इथली जमीनच नाही, त्यामुळे मालक आणि मजूर दोघांनाही कासवं आणि मासे पकडूनच जगावं लागलं. आज बॉडन, ईबँक्स, मॅकलॉक्लिन, कर्ककॉनेल ही आडनावं सगळ्या रंगांच्या घरांत सापडतात. ऑफिसात नवीन माणूस भेटला की वयस्कर केमनवासी विचारतो, ‘तू कुणाचा?’ आपल्याकडे गावात ‘कुणाचा रे तू?’ विचारतात, त्याच अर्थाने.

पैसा इथे फार उशिरा आला, हे बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसतं. दोन-तीन पिढ्यांपूर्वी इथले पुरुष मालवाहू जहाजांवर खलाशी होते. वर्ष वर्ष बाहेर असायचे, घरी पैसे पाठवायचे. मागे बायका घर, मुलं, चर्च सांभाळायच्या आणि सिल्व्हर थॅच नावाच्या माडासारख्या झाडाच्या पात्यांचा दोर वळायच्या. तो दोर जमैकाला जायचा आणि बदल्यात दुकानातून पीठ, साखर, रॉकेल यायचं. माझे आजोबा बोटीवर होते आणि आजी मनीऑर्डरची वाट बघत सुंभ वळायची. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी मला त्यांचे दोर वळून घट्टे पडलेले हात दाखवले, तेव्हा मला हे बेट पहिल्यांदा कळलं. त्याआधी चार महिने मी इथे नुसती राहत होते.

आणि डास. संध्याकाळी गुरांच्या नाकातोंडात जाऊन ती गुदमरून मरायची, असं म्हातारी माणसं सांगतात. घरोघर धुरी पेटलेली असायची. 1965 साली डॉ. मार्को जिग्लिओली इथे आले, डास नियंत्रणाचं खातं उभं राहिलं, दलदलीतून कालवे काढले, फवारणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी, 1966 मध्ये, बँका आणि ट्रस्ट कंपन्यांचा कायदा झाला. सेव्हन माइल बीचवरची हॉटेलं आणि तुमच्या-माझ्या नोकऱ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत. माझ्या मते डासांचं काम आधी मोजावं, कारण त्याशिवाय एकही बँकर इथे टिकला नसता.

आता नाजूक मुद्दा. आज बेटावर निम्म्याहून अधिक माणसं बाहेरची आहेत. जमैकन सगळ्यात जास्त, मग फिलिपिनो. भारतीयही बरेच आहोत. हिशेबाच्या कामात, हॉटेलांत, आणि ईस्ट एंडच्या हेल्थ सिटी रुग्णालयात, जे डॉ. देवी शेट्टींच्या संस्थेने 2014 साली सुरू केलं. आपल्यामुळे जमिनीचे भाव आणि घरभाडी चढली, आणि इथल्या मुलामुलींना आजोबांच्या गावात घर घेणं परवडेनासं झालं. कोकणात किनाऱ्यावरच्या जमिनी कुणाकडे गेल्या हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही सल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तुम्हाला कामाचा परवाना, म्हणजे वर्क परमिट, मिळण्याआधी ती नोकरी स्थानिकांसाठी जाहीर करावी लागते आणि लायक केमनवासी मिळाला नाही हे फर्मला दाखवावं लागतं. ते कागदोपत्री सोपस्कार समजू नका. तुमच्या हाताखाली इथला एखादा तरुण शिकत असेल तर त्याला मनापासून शिकवा.

रीतभात सांभाळा. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’, मग काम. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर समोरचा माणूस थंड होतो. वडील माणसांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, पहिल्या नावाआधी ‘मिस’ किंवा ‘मिस्टर’ लावतात, आपल्या ताई-काकांसारखं. इंग्रजी कळेल, पण जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांची अदलाबदल होते. एकाच ‘व’वर वाढलेल्या आपल्याला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात. मी शनिवारी रात्री उतरले आणि दुसरा दिवस विमानातल्या बिस्किटांवर काढला. संध्याकाळी त्याच शेजारीण बाई कसाव्याचा हेवी केक घेऊन आल्या. कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. त्यात नारळाचं दूध, गूळकट गोडी. मला उपासाच्या खांडवीची आठवण आली.

आता पैसे. ऑफर लेटरमध्ये चलन कुठलं आहे ते आज पाहा. केमनचा डॉलर अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, 1 केमन डॉलर म्हणजे 1.20 अमेरिकी डॉलर. पगार अमेरिकी डॉलरमध्ये लिहिलेला आणि दुकानातली किंमत केमन डॉलरमध्ये, ही गफलत सगळ्यांची होते. प्राप्तिकर नाही, मालमत्ता करही नाही, पण सरकार चालतं ते फी आणि शुल्कांवर, त्यात आयात शुल्क मोठं. बहुतेक वस्तूंवर ते 22 टक्के आहे, आणि इथे जवळजवळ सगळंच बोटीने येतं. नळाला येतं ते समुद्राचं गोडं केलेलं पाणी, वीज डिझेलवर, दोन्ही महाग. माझ्या पहिल्या वर्षी पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात गेला. आरोग्य विमा सक्तीचा आहे, पेन्शनची कपातही होते.

भारतातल्या टॅक्सचं एक कलम नीट वाचून घ्या. परदेशात कुठेच कर भरावा लागत नसेल आणि भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल, तर भारतीय नागरिकाला भारताचाच रहिवासी धरलं जातं. इथला पगार त्यामुळे तिथे करपात्र होत नाही, पण तुमची पुण्याची भाडी आणि शेअर्स मोठे असतील तर सीएकडे बसूनच निघा. स्वतः सीए असलात तरी.

तुमच्या पत्नीच्या नोकरीचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत घातलात, माझ्या मते तो पहिला असायला हवा. तुमच्या परमिटवर त्या इथे राहू शकतात, नोकरी करू शकत नाहीत. त्यांना स्वतंत्र परमिट लागतं. मुलीला खासगी शाळेतच घालावं लागेल. फी जबर आहे आणि प्रतीक्षायादी लांब, म्हणून शाळेला आजच पत्र टाका. एका पगारात तिघांचं भागतं, पण शिल्लक तुम्ही मांडलीत तेवढी उरत नाही. मी आले तेव्हाच्या नियमात सलग नऊ वर्षांची मर्यादा होती आणि आठ वर्षांनंतर गुणांकनावर कायम निवासाचा अर्ज करता येत होता. हे नियम कडक करण्याकडेच कल आहे, तेव्हा सही करण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ वाचा. कुणाच्या ऐकीव माहितीवर, माझ्यासुद्धा, विसंबू नका. प्रवास बहुधा अमेरिका, कॅनडा किंवा लंडनमार्गे होईल; वाटेतल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने. सप्टेंबर 2004 मधल्या आयव्हनने ग्रँड केमनवरच्या बहुसंख्य इमारतींचं नुकसान केलं. इथले लोक काळ मोजतात तो ‘आयव्हनच्या आधी’ आणि ‘नंतर’. घर बघताना समुद्र किती जवळ दिसतो यापेक्षा जमीन किती उंच आहे आणि खिडक्यांना शटर आहेत का, हे विचारा. बॉडन टाउनकडे भाडं कमी पडतं, पण सकाळी जॉर्ज टाउनला येणाऱ्या रस्त्यावर तासभर अडकायची तयारी ठेवा.

सामानाचं: मिक्सर आणू नका, इथे वीज 120 व्होल्टची आहे. कुकर आणा, रिंगांसकट. आणि नारळाची खवणी नक्की आणा, मोठ्या बॅगेत, हातातल्या नको. नारळ अंगणात पडतात. माझी खवणी गेली तीन वर्षं शेजारच्या बाईंकडेच असते, रनडाउन नावाच्या माशांच्या कालवणासाठी नारळाचं दूध काढायला. मला सोलकढी करायची असली की मी मागून आणते.