कॅम्पची तारीख आधी, अर्ज त्याभोवती

प्रिय कॅडेट,

अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस ते थोडक्यात असं: ज्युनियर (कॉलेजच्या तिसऱ्या) वर्षानंतरच्या उन्हाळ्यात केंटकीतल्या फोर्ट नॉक्स या अमेरिकन लष्करी तळावरचा ॲडव्हान्स्ड कॅम्प, म्हणजे कॅडेटांचं मोठं प्रशिक्षण, आणि मेडिकल स्कूलचे अर्ज नेमके एकमेकांवर आलेत, तर दोन्ही कसं निभवायचं? कॅम्प हलत नाही. म्हणून अर्जातलं जे जे अलीकडे ओढता येईल ते मेअखेर उरकायचं, आणि जे ओढता येत नाही त्याची कच्ची तयारी करूनच केंटकीला निघायचं.

घरचे म्हणतील, "एक वर्ष थांब, पुढच्या वर्षी भर." इतर प्री-मेड मुलांसाठी हा सल्ला चांगलाच आहे, गॅप इयर घेणारे हल्ली पुष्कळ. तुझं गणित वेगळं आहे. तू आरओटीसीच्या, म्हणजे कॉलेजात शिकता शिकता आर्मीचे अधिकारी घडवणाऱ्या कार्यक्रमाच्या, करारावर सही केली आहेस. पदवीबरोबर कमिशन (अधिकारीपद) मिळेल आणि ब्रांच, म्हणजे आर्मीतली शाखा, हीही ठरेल. थेट मेडिकलला जायचं तर आर्मीकडून एज्युकेशनल डिले (शिक्षणासाठी सेवा पुढे ढकलण्याची मुभा) मंजूर व्हावा लागतो, आणि त्यासाठी प्रवेश हातात असावा लागतो. तो नसेल तर आधी ब्रांचमध्ये नोकरी, डॉक्टरकी नंतर. तेही लोक करतात, पण ती वाट लांबची. नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ सेवेत, जाणाऱ्याला एक वर्ष थांबणं त्यामानाने सोपं जातं. तेव्हा ज्युनियर वर्ष सुरू होताच बटालियनच्या (कॉलेजातल्या आरओटीसी तुकडीच्या) एचआर कचेरीत जाऊन तीन गोष्टी विचार: डिलेचा अर्ज कधी, त्याला कोणती कागदं लागतात, प्रवेशपत्र कोणत्या तारखेपर्यंत दाखवायचं. उत्तर ईमेलवर माग. तोंडी सांगितलेल्या तारखेवर वर्ष पणाला लावू नकोस.

आता कॅम्प. साधारण ३५ दिवसांचा, आणि तुकड्या उन्हाळाभर एकामागून एक जातात. त्यातली कोणती मिळावी, याबद्दल विनंती करता येते. मिळेलच असं नाही, पण न मागणाऱ्याला उरलेली मिळते. पहिल्या तुकड्यांत गेलीस तर ॲमकॅस (मेडिकल स्कूलांचे अर्ज एकत्र घेणारी सेवा) अर्ज स्वीकारायला लागतं त्याच सुमारास, म्हणजे मेअखेरीस, तू गणवेशात असशील. शेवटच्यांत गेलीस तर जुलै-ऑगस्टमध्ये सेकंडरी, म्हणजे एकेका शाळेचे स्वतंत्र प्रश्नांचे दुसरे अर्ज, येऊन पडत असताना तू जंगलात. माझ्या मते जूनच्या मध्याला निघून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परतणं सगळ्यांत सोयीचं. अर्ज स्वतःच्या हाताने जातो आणि सेकंडरी फार शिळ्या होत नाहीत.

कॅम्पला जोडून कोणी सीटीएलटी (प्रत्यक्ष लष्करी तुकडीबरोबरचा अनुभव) किंवा एअरबोर्न (पॅराशूट प्रशिक्षण) देऊ करेल. मोह होईल, पॅराशूटवाल्यांचे बिल्ल्यावरचे पंख कोणाला नको असतात! पण या एका उन्हाळ्यात नको म्हण. घोटा मुरगळला किंवा एखाद्या चाचणीत अडकलीस तर पुढच्या तुकडीत ढकलतात आणि परतीची तारीख सरकते. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे त्यासाठी मोकळे हवेत.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, जानेवारीत दे. हिवाळी सुट्टीचे आठवडे सलग मिळतात, तसे वसंतात मिळत नाहीत. तेव्हा एमएस-थ्रीची (आरओटीसीच्या तिसऱ्या वर्षाची) कॅम्पची तयारी जोरात असते आणि एफटीएक्स (मैदानी सराव) नेमकं एखाद्या शनिवार-रविवारी येतं. एमकॅटही बऱ्याचदा शनिवारीच असते. जानेवारी ते जूनच्या तारखांची नोंदणी आदल्या शरदात उघडते. घराजवळची केंद्रं लवकर भरतात, त्यामुळे तोवर बटालियनचं प्रशिक्षण वेळापत्रक हातात ठेव. निकाल यायला महिनाभर लागतो. जानेवारीत गडबडलं तर एप्रिलमध्ये पुन्हा देता येते आणि मेमध्ये गुण कळतात. पहिलाच प्रयत्न मेअखेरीला ठेवलास तर निकाल येईल तेव्हा तू कंपास आणि नकाशा घेऊन झाडांत असशील. शाळांची यादी अंदाजाने करावी लागेल, आणि पुन्हा द्यायची म्हटलं तर ऑगस्ट-सप्टेंबरशिवाय पर्याय नाही. ते गुण पोचेपर्यंत मुलाखतींच्या जागा वाटल्या जायला लागलेल्या असतात. तारीख बदलायची वेळ आलीच, तर परीक्षेआधी दहा दिवस ही शेवटची मुदत.

शिफारसपत्रं फेब्रुवारीत माग, मुदत १ मे दे. विज्ञानाचे दोन प्राध्यापक, विज्ञानाबाहेरचे एक, जिथे रुग्णसेवा किंवा संशोधन केलंस तिथले एक, आणि बटालियनमधला एक अधिकारी. कॉलेजची प्री-हेल्थ समिती एकत्र पत्र देत असेल तर तिच्या तारखा आधी बघ, त्या बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी येतात. बटालियनच्या पत्रात दोन खाचा आहेत. लष्करी बदल्या मुख्यतः उन्हाळ्यात होतात, त्यामुळे जूनमध्ये आठवण करायला जाशील तेव्हा तुझे कॅप्टनसाहेब दुसऱ्या राज्यात पोचलेले असतील. दुसरी खाच भाषेची. त्यांचा हात मूल्यांकन अहवाल लिहायला सरावलेला, सगळं संक्षेपात आणि क्रमवारीत. वाचणाऱ्या डॉक्टरला त्याचा बोधच होत नाही. अर्ध्या पानाचं टिपण दे: कोणत्या सरावात तू काय ठरवलंस, कोणाला सांभाळलंस, चूक निस्तरताना कशी वागलीस. पत्र लेटरहेडवर आणि सहीनिशी हवं.

तुझ्या स्वतःच्या लिखाणालाही हेच लागू. ॲमकॅसमध्ये अनुभवांच्या १५ नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरं, त्यातल्या तिघींना आणखी १,३२५. व्यक्तिगत निबंध ५,३०० अक्षरांचा, मोकळ्या जागा धरून. 'एफटीएक्समध्ये प्लाटून सार्जंट' असं लिहिलंस तर अक्षरं वाचतील, अर्थ वाचणार नाही. 'थंडीत दोन रात्री तीसेक जणांचं पाणी, जेवण आणि पायांचे फोड बघण्याची जबाबदारी' असं लिही. पायांचे फोड निवड समितीला लगेच कळतात.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक गुणपत्रिकांची. वसंत सत्राचे गुण चढल्याशिवाय ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची अधिकृत गुणपत्रिका) पाठवू नकोस, आणि चढल्या दिवशी पाठवायला उशीर करू नकोस. जिथे जिथे एखादा विषय क्रेडिटसाठी घेतलास, हायस्कुलात असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेलाही, तिथून वेगळी ट्रान्सक्रिप्ट लागते. विषयांची यादी भरताना मिलिटरी सायन्सचे तास आणि एका क्रेडिटचा पीटी वर्गसुद्धा घाल. 'हे कशाला' म्हणून मुलं ते सोडतात, ट्रान्सक्रिप्टशी मेळ बसत नाही आणि अर्ज परत येतो. तू कॅम्पमध्ये असताना आलेला परत-अर्ज तसाच पडून राहतो. गर्दीच्या दिवसांत पडताळणीला सहा आठवडेही लागू शकतात, म्हणून ॲमकॅस अर्ज स्वीकारायला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला पाहिजे. पडताळणी एमकॅटच्या गुणांसाठी आणि शिफारसपत्रांसाठी थांबत नाही, ती मागून आली तरी चालतात.

सेकंडरी हा खरा गुंता. बऱ्याच शाळा त्या जवळजवळ सगळ्यांना पाठवतात, उत्तर दोनेक आठवड्यांत जावं अशी अपेक्षा असते, आणि कॅम्पमध्ये फोन बहुतेक दिवस हातात नसतो. प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत: आमचीच शाळा का, अडचणीला कसं तोंड दिलंस, वेगळेपण काय, गटात काम कसं करतेस, पुढची योजना. मे-जूनमध्ये या पाचांवर प्रत्येकी एक लांब आणि एक आखूड मसुदा करून ठेव. 'आमचीच शाळा का' मात्र प्रत्येकीचं वेगळं, त्यासाठी प्रत्येक शाळेच्या दोन-तीन ठोस गोष्टी टिपून ठेव. यादी वीसेक शाळांची असेल तर कॅम्पनंतरचे दहा दिवस पूर्ण त्याच कामाचे.

कॅम्पमध्ये टपाल पोचतं, त्याचा उपयोग करून घे. अर्जांचे ईमेल घरच्या एका माणसाकडे आपोआप जातील अशी सोय लावून जा. त्याने दर आठवड्याला कागदावर लिहून पाठवायचं: कोणत्या शाळेचं काय आलं, कधी आलं, मुदत काय. बाबांनी मराठीत लिहिलं तरी चालेल, तुझ्या प्लाटूनमध्ये डोकावून वाचणारं कोणी नसेल. पासवर्ड मात्र कोणाला देऊ नकोस आणि तुझ्या नावाने कोणी काही सबमिट करू नये. अर्ज खरा असल्याचं प्रमाणपत्र तू स्वतः देतेस. खिशातल्या हिरव्या पावसाळी वहीची शेवटची पानं राखून ठेव. रात्री पहाऱ्यावरून आल्यावर सुचलेली दोन वाक्यं ऑगस्टमध्ये कामी येतात.

कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू (प्रसंग देऊन वागणूक आणि निर्णय तपासणाऱ्या ऑनलाइन चाचण्या) मागणाऱ्या शाळा यादीत असतील तर ती परीक्षा कॅम्पच्या आधीच देऊन टाक.

सीनियर वर्षी मुलाखती सुरू होतात. बऱ्याच ऑनलाइन असतात, पण आठवड्याच्या मधल्या वारी. एमएस-फोर (आरओटीसीचं चौथं वर्ष) म्हणून सकाळची पीटी आणि कॅडेट बटालियनची कामं तुझ्या डोक्यावर असतील. बोलावणं आलं की त्याच दिवशी कॅडरला (बटालियनच्या लष्करी शिक्षकांना) तारीख लेखी कळव आणि तुझ्या जागी कोण उभं राहील तेही सुचव.

पैशांचं शेवटी. पुण्याचे नातेवाईक विचारतील, "म्हणजे एएफएमसीसारखंच का?" पुण्याच्या त्या लष्करी मेडिकल कॉलेजाच्या त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे बेथेस्डाची युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटी: फी नाही, शिकताना अधिकाऱ्याचा पगार, नंतर सात वर्षं सेवा. अर्ज ॲमकॅसमधूनच जातो. तू आधीच आरओटीसीत आहेस, तेव्हा तिथे अर्ज करण्यासाठी लष्कराची परवानगी लागते का हे वसंतातच विचारून घे. एचपीएसपी (लष्कराची मेडिकल शिक्षणाची स्कॉलरशिप) घेतलीस तर शाळा तू निवडायची, फी लष्कर भरतं, वर महिन्याचा भत्ता, आणि वर्षाला वर्ष अशी परतफेड. इथे फसगत होते ती बेरजेची. आरओटीसी स्कॉलरशिपची वर्षं आणि एचपीएसपीची वर्षं सहसा एकामागून एक मोजली जातात, आणि रेसिडेन्सीचा (डॉक्टर झाल्यावरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचा) काळ त्यात धरत नाहीत. सही करण्याआधी स्वतःच्या वयासकट तक्ता मांड. आकडा बघूनही जावंसं वाटलं तर जा.

तुझी,
मार्गदर्शक

ता. क. – नाव तपास. मराठी घरांत मधलं नाव वडिलांचं, आणि ते कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षर, कुठे गायब. एमकॅटच्या नोंदणीतलं नाव आणि आडनाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं नाही तर परीक्षा केंद्राच्या दारातून परत पाठवतात. ट्रान्सक्रिप्टवर नाव वेगळं असेल तर ॲमकॅसमध्ये पर्यायी नाव म्हणून नोंदव. पासपोर्ट, लष्करी ओळखपत्र आणि कॉलेजची नोंद एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ.