पाच खोबणींच्या सर्फबोर्डाला फिन्स किती लावाव्यात?

तुमचा बोर्ड जुना, सहा फुटी, रुंद शेपटीचा; तीन फिन्स (पोटाला शेपटीकडे, खोबणीत बसणाऱ्या पात्या) लावून तारकर्लीला लाटेवर अडखळतो. आता चार लावू की दोन, असं विचारलंय.

फिन्स राहू द्या बाजूला. आधी बोर्ड पालथा घाला, पोटावर आडवी स्टीलची पट्टी धरा आणि डोळा खाली नेऊन पलीकडचा उजेड बघा. मधे फट दिसली तर पोट खोलगट. पट्टी डुगडुगली तर पोट फुगीर, किंवा मधे शिर, म्हणजे लांबट उंचवटा, आहे. छातीखाली, मधोमध आणि फिन्सच्या वीतभर पुढे, असं तीनदा बघा. तिन्हीकडे सारखंच निघेल असं नाही.

खोलगट पोट पाण्याला कडेने निसटू देत नाही, मागे काढतं. बोर्ड उचलला जातो, पळतो. त्यात शेपटी रुंद असेल तर मधली फिन काढूनच बघा. ती वळताना टेकू देते, पण सरळ जाताना पाणी धरून ठेवते. १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने तीन फिन्सचा थ्रस्टर काढला, कारण दोन फिन्सचा बोर्ड जोरदार लाटेत शेपटीकडून घसरायचा. आपल्याकडे दिवाळीनंतर कमरेएवढी लाट मिळाली तरी नशीब! ती घसरण आपली अडचणच नाही.

मी दोन हंगाम मोठ्या तीन फिन्स मिरवल्या. लाट मेली की बोर्डही मरायचा. एका पहाटे मतलई वाऱ्यात मधली काढून गेलो, तर लाट सपाट झाली त्या जागीही बोर्ड चार हात पुढे सरकला.

शेपटीखाली शिर असेल तर बोर्ड या कडेवरून त्या कडेवर पटकन कलतो. तिथे मधली असू द्या, पण छोटी. होडीसारखं गोल पोट असेल तर एकच लांब, लवचीक फिन हवी. पण पाच खोबण्यांचा बोर्ड तसा नसावा.

बाजूच्या फिन्सची सपाट बाजू आतल्या अंगाला येते. डावी-उजवी उलट लावलेली असेल तर वरचं सगळं वाया.

आणि खोबणीतली रेती आधी जुन्या टूथब्रशने काढा. स्क्रू बसत नाही म्हणून ॲलन की दामटू नका. माझी एक खोबण तशीच फाटली.