लातूरचं नंतर बघू

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मुलगा सेमी इंग्रजीत नववीला आहे. सहामाहीत ४१ टक्के. तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पेपर मात्र अर्धा कोरा. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाचा हिशेब कधी चुकत नाही, म्हणजे डोकं आहे, आळस आहे. तीन क्लास बदलले. रोज एक धडा पाच वेळा लिहून घेतो. वर्गाच्या बाईंनी लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी सुचवली, पण मुलगा मंद नाही. जेईईसाठी अकरावीला लातूरला ठेवावा का? – एक पालक

उत्तर : लातूर आत्ता नको. जेईई, सीईटी वगैरे दहावीनंतर बोलू.

पाच वेळा धडा लिहून घेता, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. लिहिणंच ज्याला जड जातंय, त्याला शिक्षाही लिहिण्याचीच? तोंडी येतं, कागदावर उतरत नाही, हिशेब चुकत नाही. पुरावा सगळा तुम्हीच दिलाय आणि निकाल भलताच लावलाय. आळशी मुलगा दुकानात हिशेबाला उभा राहत नाही हो. तीन क्लासनी फी घेतली. वही नीट बघितली ती बाईंनी, आणि राग त्यांच्यावरच.

आज तुम्हीही ती वही बघा. ‘घ’चा ‘ध’ होतो का, जोडाक्षरं तुटतात का, फळ्यावरचं उतरवताना ओळ गळते का, ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहितो का. (आपले आकडे बोलायला तसेही उलटेच, तीन आधी आणि साठ मागून. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आणलं, तेव्हा केवढी थट्टा झाली. अशा मुलांच्या घरात ती झाली नसावी.) अर्थात वहीवरून फक्त शंका येते, निदान होत नाही.

आता ‘मंद नाही’बद्दल. बाई तसं म्हणाल्याच नाहीत. अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीच्या, तपासणीत आधी डोळे आणि कान बघतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित. बुद्ध्यांक सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त, आणि तरीही वाचन-लेखन इयत्तेच्या बरंच मागे, असं दिसलं तरच हे निदान करतात. त्यामुळे मुलगा हुशार आहे या तुमच्या म्हणण्याने शंका फिटत नाही, बळावते. ‘मग या अक्षमतेचं प्रमाणपत्र घेऊन काय करायचं?’ असं विचाराल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आहे. राज्य मंडळ दहावीला जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर अशा सवलती देतं. त्या मेहेरबानी म्हणून मागायच्या नाहीत.

बाईंना भेटा, आधी त्यांची माफी मागा. मग जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत नातेवाईक असतील तर सायन रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे. नंबर लागायला वेळ जातो, आणि कागद दहावीचा फॉर्म भरण्याआधी शाळेत हवेत. तेव्हा हे याच महिन्यात करा.

तोवर पाच वेळा लिहिणं बंद. धडा तुम्ही मोठ्याने वाचा, उत्तरं तोंडी घ्या.

तपासणी झाली की पुन्हा लिहा. त्या पत्रात त्याला काय आवडतं तेही कळवा. या पत्रात ते कुठेच नाही.