दरडोई उत्पन्न वाढले, वाटा कुणाचा वाढला?

प्रश्न : दरडोई उत्पन्नात गोवा देशात अग्रेसर आहे, असे आपण नेहमी वाचतो. तरीही आमच्या डिचोलीत पदवीधर मुले कंत्राटी कामावर तुटपुंज्या पगारात राबतात आणि मोजक्या घरांची संपत्ती मात्र वाढतच जाते. हा फरक केवळ शिक्षणाचा आहे का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : केवळ शिक्षणाचा नाही. दरडोई उत्पन्न ही सरासरी आहे. वाटणी कशी झाली, हे तिच्यावरून कळत नाही. माझ्या मते खरा प्रश्न उत्पन्न मजुरीतून येते की मालकीतून, हा आहे.

आपल्याच तालुक्यातील खाणी पाहा. पोर्तुगीज राजवटीत खासगी व्यक्तींना दिलेले खाणहक्क १९८७ च्या केंद्रीय कायद्याने भाडेपट्ट्यांत बदलले, परंतु खनिज बहुतांशी त्याच मोजक्या हातांत राहिले. पुढे चीनच्या मागणीमुळे लोहखनिजाचे भाव चढले. ही भाववाढ गोव्यात कुणाच्या घामातून आलेली नव्हती. तरी तिचा मोठा हिस्सा पट्टेदार आणि निर्यातदारांकडे गेला, ट्रक व बार्जमालकांना भाडे मिळाले आणि चालकाला रोजंदारी. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ज्यांच्याकडे साठवलेले भांडवल होते ते तरले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या दारात मात्र बँकेचा हप्ता उभा राहिला. तेजीचा लाभ जसा विषम वाटला गेला, तसाच मंदीचा भारही.

मालकी बदलली की चित्र बदलते, हेही गोव्याने पाहिले आहे. १९६४ चा कूळ कायदा, त्याची १९७६ ची दुरुस्ती आणि १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायदा यांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मर्जीवर जगणाऱ्या असंख्य कुटुंबांना हक्काचा आधार दिला. दक्षिण कोरिया आणि तैवान यांनी औद्योगिकीकरणाआधीच जमिनीचे फेरवाटप केले होते, म्हणून वेगाने वाढूनही तेथील विषमता बराच काळ आटोक्यात राहिली. विकासाबरोबर विषमता आधी वाढते व नंतर आपोआप घटते, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांच्या १९५५ च्या मांडणीतून अनेकांनी काढला; त्यातील ‘आपोआप’ मला कधीच पटलेले नाही.

देशपातळीवर आणखी एक कारण आहे. सुमारे ४५ टक्के कामकरी शेतीत आहेत, पण उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. शेतीतून बाहेर पडणारा माणूस कारखान्यात पोहोचण्याऐवजी बांधकामावर किंवा किरकोळ व्यापारात अडकतो, जिथे ना नेमणूकपत्र ना भविष्यनिर्वाह निधी. आपल्याकडील पदवीधरांचे कंत्राटी काम याच दुखण्याचे सुशिक्षित रूप आहे.

आता लिलावाने खाणपट्टे पुन्हा दिले जात आहेत. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची, म्हणजे पट्टेदारांनी भरलेल्या पैशातून चालणाऱ्या जिल्हा संस्थेची, तरतूद केली आहे. त्यातील पैसा आपल्या गावात कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत लेखी विचारावे.