स्टेटसवरची आजी आणि उडालेली झोप

पत्र (थोडं कापलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"अक्का, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्लिश स्पेशल. कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहते. सरांनी जॉर्ज ऑरवेल या इंग्रज लेखकाची दोन पुस्तकं वाचायला लावलीत, बेघर लोकांवरचं 'डाऊन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन' आणि सतत पाळत ठेवणाऱ्या राज्यावरची कादंबरी '१९८४', म्हणजे डिस्टोपिया, भयानक जगाची गोष्ट. वाचताना जे वाटेल ते वहीत लिहायचं. वाचायला घेतल्यापासून मला झोपच नाही. सीबीएस स्टँडवर एक आजी झोपते, तिच्याजवळून जाताना घशाशी काहीतरी येतं. एकदा ती झोपली होती, पिशवीची नाडी मनगटाला गुंडाळलेली, चपला उशाला. मी झूम करून फोटो काढला आणि 'डिस्टोपिया इथेच आहे' लिहून स्टेटसला टाकला, सगळ्यांनी हार्ट दिले. बहुतेक कुणीतरी तिला सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी मला बघून तिनं पदर तोंडावर ओढला. वहीत सरांचा शेरा आलाय, 'भावनांचा महापूर, विचार कुठे?' रूममेट म्हणतात तू लई वाचतेस. पप्पा म्हणतात हे सोड, एमपीएससीचं बघ. मला तर वाटायला लागलंय की सगळं वरूनच ठरलेलं असतं, आपण काय करणार. वाचणं सोडून देऊ का?
– झोप उडालेली"

पोरी, झोप पुस्तकानं उडाली असं तू म्हणतेस, मला नाही तसं वाटत. पुस्तकांबद्दल तू पानं भरून लिहिलंयस (ते मी इथं कापलं, माफ कर), आणि फोटोचं मधेच चार ओळीत उरकून पुढं सरांच्या शेऱ्यावर गेलीस, जसं काय ती किरकोळ गोष्ट होती. पण नाडी मनगटाला गुंडाळलेली आणि चपला उशाला, हे मात्र तुला बरोबर आठवतंय. ते तिनं तसं का केलं होतं? चोरीला जाऊ नये म्हणून. म्हणजे झोपेत पण बाई सावध होती, आणि तरी तुझ्या मोबाईलपुढं तिचं काही चाललं नाही.

तुम्ही आम्ही झोपताना दाराला कडी लावतो, तिच्याकडं कडी नाही, तिनं दुसऱ्या दिवशी पदर ओढला ती तिची कडी. आता '१९८४' आठव. त्यातल्या नायकाच्या, विन्स्टनच्या, खोलीत एक कोनाडा असतो बघ, टेलिस्क्रीनला, म्हणजे पाळत ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याला, न दिसणारा, तिथं बसून तो डायरी लिहायला लागतो. एवढ्या भयानक राज्यात त्याला तेवढा तरी कोपरा मिळाला. आजीला तो पण नाही, आणि त्या दिवशी तिच्यावर डोळा ठेवून कुठलं सरकार बसलं नव्हतं, तू बसली होतीस. लागेल असं बोलते, मला माहितीय, पण तू विचारलंस म्हणून सांगते.

तर पहिलं काम, तिची माफी मागायची. जाताना वडापाव, जुनी चादर असलं काही नेऊ नकोस, नाहीतर ती माफी राहत नाही, देणंघेणं होऊन बसतं. मोबाईल पर्समध्ये. "आजी, मी तुम्हाला न विचारता फोटो काढला, माझं चुकलं, काढून टाकलाय" एवढंच. शिव्या घातल्या तर ऐकून घ्यायच्या. स्टेटस चोवीस तासात जातं पण स्क्रीनशॉट राहतात, ज्यांनी ज्यांनी घेतला असेल त्यांना आधी फोन कर आणि उडवायला सांग, म्हणजे "काढून टाकलाय" हे खरं तरी होईल.

आता सरांचा शेरा. शब्द तिखट आहेत, कोल्हापुरात बसून पोरांच्या वहीत महापूर कशाला आणायचा ते त्यांचं त्यांना माहीत. पण तू पाठवलेले उतारे वाचले तर माणूस अगदीच खोटं बोलत नाहीये गं. प्रत्येक पानावर "खूप वाईट वाटलं, सिस्टीम सडलेली आहे". कुठली सिस्टीम? तुझ्याच 'डाऊन अँड आउट'मध्ये ऑरवेलनं किती बारीक दाखवलंय बघ. इंग्लंडात बेघर लोकांसाठी सरकारी वॉर्ड होते, त्यांना स्पाइक म्हणायचे, आणि एका वॉर्डात महिन्यातून एकच रात्र राहायची परवानगी. म्हणून ती माणसं रोज पायी पुढच्या गावाला. बघणाऱ्याला वाटायचं ह्यांना भटकायचीच खोड आहे, आणि खरं तर त्यांना कायदाच चालवत होता. आत जाताना झडती, तंबाखू काढून घ्यायची, रात्री बाहेरून कुलूप. हे पुस्तक १९३३ चं, '१९८४' आलं १९४९ ला. त्या कादंबरीतल्या झडत्या आणि कुलपं त्याला नुसत्या कल्पनेनं सुचली नसणार असं मला आपलं वाटतं, झोपायला जागा हवी म्हणून माणूस काय काय सहन करतो ते त्यानं स्वतः रांगेत उभं राहून बघितलं होतं. असलं काहीतरी वहीत लिही की.

आणि तसला नियम बघायला लंडनला जायची गरज नाही. आपल्याकडं १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आहे, महाराष्ट्रात अजून लागू. त्यात भीक मागणारा म्हणजे नुसता हात पसरणारा नाही, ज्याच्याकडं पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि जो सार्वजनिक जागी असा फिरतोय की मागूनच खात असेल असं वाटावं, तो पण त्यात येतो. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात, आणि पहिल्याच वेळेला एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवायची तरतूद आहे. दिल्ली हायकोर्टानं २०१८ ला ह्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडं नाही. म्हणजे उद्या आजीला कुणी वर्दीतलं "चला" म्हटलं तर ती का घाबरेल ते समजून घे, आणि तुझ्यासारखी शिकलेली पोरगी "चला आजी, शेल्टरला सोडते" म्हणाली तर ती का पळेल ते पण.

आता तुझं ते "सगळं वरूनच ठरलेलं असतं". इथं मात्र मला जरा राग आला. कुठल्या गावात राहून बोलतेस? दसरा चौकातनं कॉलेजला जातेस ना, तिथली बोर्डिंगं कधी मान वर करून बघितलीस का? खेड्यातली पोरं शिकायला यायची आणि राहायला जागा नाही म्हणून माघारी जायची, शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाचं बोर्डिंग उभं राहत गेलं, जागा दिली, पैसे दिले. ते पण वरूनच ठरवलं होतं, बाई! वरून ठरतं ते कायम वाईटच असतं असं डिस्टोपिया वाचून वाटायला लागतं, कारण तसल्या कादंबरीचं कामच मुळात घाबरवायचं असतं, उपाय द्यायचं नाही.

२०१९ चा पूर आठवत असेल तुला, शाळेत असशील. पंचगंगा ४३ फुटाला धोक्यावर जाते, त्या ऑगस्टला राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेली. चिखली-आंबेवाडीची, सुतारवाड्यातली माणसं शाळांमध्ये, मठांत, मंगल कार्यालयात येऊन राहिली, आमच्या गल्लीतनं भाकऱ्यांचे ढीग गेले, आणि कुणीही त्यांना विचारलं नाही की बाबा तुझं घर का गेलं, तू दारू पितोस का, काम का करत नाहीस. तेच गाव, तीच माणसं, आजीजवळनं जाताना मात्र नाकाला रुमाल. हा फरक कुठनं येतो, हे लिहून काढ. माझ्याकडं उत्तर तयार नाही, पण सरांना विचार हवाय ना, मग हा घे.

आजीसाठी काय करता येतं ते पण सांगते. माफी मागून झाली, चार-आठ दिवस गेले, ती बोलायला लागली, की मग. आधी नाही. शहरी बेघरांसाठी निवारा केंद्रांची योजना २०१३ ला सुरू झाली, नागरी उपजीविका अभियानाखाली, दर एक लाख लोकसंख्येमागं किमान शंभर जणांची सोय असा तिचा निकष होता. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेपाच लाखाच्या आसपास होतं, हिशोब तूच कर आणि महापालिकेत त्या विभागात जाऊन विचार की किती जागा आहेत, बायकांची वेगळी सोय आहे का, सामान ठेवायला कपाट मिळतं का. हा कपाटाचा प्रश्न तुला फालतू वाटेल, पण जिनं नाडी मनगटाला बांधलीय तिला तोच पहिला पडणार. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे. तब्येत बिघडलेली दिसली तर १०८ आणि सीपीआर हॉस्पिटल. मुलांनी बाहेर काढलं असेल तर २००७ च्या कायद्यानं प्रांत ऑफिसात पोटगी मागता येते, पण ते ती म्हणाली तरच. कितीतरी आया पोराविरुद्ध कागदावर अंगठा द्यायला तयार होत नाहीत, आणि तिथं तू तिच्यापेक्षा शहाणी होऊ नकोस. ती नको म्हणाली, तर नको. मग जाता येता "आजी, जेवलासा काय?" एवढं विचारलंस तरी चालेल.

झोपेचं म्हणशील तर रात्री अकरानंतर '१९८४' बंद, दुपारी वाच, लायब्ररीत वाच, चार माणसं आजूबाजूला असताना. माफी मागून पण पंधरा दिवसात झोप लागली नाही, किंवा सगळंच नकोसं वाटायला लागलं, तर १४४१६ ला फोन कर, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यात लाजायचं काही नाही.

पप्पांचं सोपं आहे. एमपीएससी कर की, कोण नको म्हणतंय. निवाऱ्याची फाईल कुणाच्यातरी टेबलावर असतेच ना, तिथं स्पाइक वाचलेली बाई बसली तर काय वाईट आहे? पण हे त्यांना आत्ताच सांगू नकोस, उद्यापासून क्लास लावतील.

वाचणं सोडू नकोस. वहीचं ते पान परत लिही, फोटोचं पण लिही त्यात, झूम केलं होतंस ते सुद्धा. मग सर काय शेरा मारतात ते मला कळव.

– अक्का